पहिल्या दिवशीचा सपाट टप्पा: आधी जागा, मग वारा, शेवटी पाय

प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणी-चिकोडी भागातल्या सहा मुलांचा संघ पहिल्यांदाच सायकलींच्या अनेक दिवसांच्या स्टेज रेसला निघाला आहे, म्हणजे रोज एक टप्पा आणि सगळ्या टप्प्यांच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी तो विजेता. पहिला टप्पा १४० किलोमीटरचा, पूर्ण सपाट. टीव्हीवर मोठ्या स्पर्धांचे असे टप्पे पाहिले की तीन-साडेतीन तास काहीच घडत नाही आणि शेवटच्या पाच मिनिटांत सगळं होतं, असं वाटतं. मग त्या साडेतीन तासांत करायचं काय? ताकद वाचवत मागे बसलं तर चालेल का?

मागे बसून चालणार नाही. सपाट रस्त्यावर चढ नसतो, त्यामुळे नुसत्या पायांच्या जोरावर घोळक्याला सोडून जाणं जवळपास कुणालाच जमत नाही. तिथे माणूस मागे पडतो तो नको त्या क्षणी नको त्या जागी असल्यामुळे. हे सगळ्याच सपाट टप्प्यांना लागू आहे, पण पहिल्या दिवशी ते जास्त जाचतं, कारण त्या दिवशी सगळ्यांची वेळ शून्य असते.

कुणाच्याच अंगावर आघाडीची जर्सी नसते. पुढे घाट सुरू झाल्यावर स्प्रिंटरला, म्हणजे शेवटच्या धावेत वेगवान असणाऱ्याला, ती मिळण्याची शक्यता राहत नाही, म्हणून त्याच्यासाठी हाच दिवस. स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिशने टूर द फ्रान्सचे २६ टप्पे जिंकल्यानंतर त्याला तिथली आघाडीची पिवळी जर्सी पहिल्यांदा मिळाली, ती २०१६ साली यूटा बीचला संपलेल्या अशाच पहिल्या टप्प्यात. एकूण विजेतेपदाच्या दावेदारांना त्या दिवशी जिंकायचं नसतं, पण वेळही गमवायची नसते, म्हणून त्यांचे साथीदार त्यांना पुढे धरून ठेवतात. पाय सगळ्यांचेच ताजे. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे घोळक्यात अजून कुणी कुणाचं ऐकायचं हे ठरलेलं नसतं. दोन-तीन दिवसांनी जर्सीवाला संघ पुढे बसतो, वेग ठरवतो आणि बाकीचे तो बऱ्यापैकी मानतात. पहिल्या दिवशी घोळक्याला मालक नसतो. जानेवारी २०२६ मधली पुणे ग्रँड टूर आधी प्रोलॉगने, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायच्या छोट्या टप्प्याने उघडली होती. तसं असेल तर सपाट टप्प्याआधी निदान एक क्रमवारी लागलेली असते. तुमच्या स्पर्धेत प्रोलॉग नसेल, तर पहिल्या वीस जागांसाठी सगळा घोळका भांडणार हे धरून चला.

आता जागेचं गणित. घोळका रुंद असतो तेव्हा एका ओळीत आठ जण मावतात. तुम्ही साठाव्या जागी आहात आणि विसाव्या जागी जायचंय, म्हणजे ४० जागा, म्हणजे पाच ओळी, म्हणजे दहा-बारा मीटर. कडेने दोन-तीन धक्क्यांत पोचता येतं. तोच घोळका ५५ च्या वेगाने एकेरी रांगेत ताणला गेला की एका सायकलीला साधारण दोन मीटर लागतात. तेच ४० जण आता ८० मीटर लांब झाले. त्यांना ओलांडायला तुम्ही ६० ने गेलात, तर वेगातला फरक ताशी फक्त ५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १.४ मीटर. जवळजवळ एक मिनिट लागतं, तेही वाऱ्यात, आठशे वॉटच्या आसपास जोर लावून. ज्यांना हे जमतं त्यांचेही पाय त्यानंतर कामाचे राहत नाहीत. म्हणून वर यायचं ते घोळका संथ आणि रुंद असताना. वळण, अरुंद पूल, गावाची वेस यांच्या दोन-तीन किलोमीटर आधीच. वळण दिसल्यावर वर यायला निघणारा रायडर उशीर करून बसलेला असतो, आणि पडझडीत बहुधा तोच सापडतो, कारण त्याच वेळी आणखी पन्नास जण तेच करत असतात.

इथे एक शंका येते, आणि ती रास्त आहे. घोळक्याच्या आत वारा लागत नाही, मग मागे जास्त आराम नाही का? आराम आहे. आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठात बर्ट ब्लॉकेन यांच्या गटाने २०१८ साली १२१ जणांच्या पेलोटॉनचा, म्हणजे घोळक्याचा, अभ्यास केला. त्यात मधल्या-मागल्या जागी हवेचा अडथळा एकट्याने चालवताना असतो त्याच्या ५ ते १० टक्क्यांपर्यंत उतरलेला दिसला. पण हे झालं सरळ आणि एकसारख्या वेगाच्या रस्त्याचं. वळणावर पहिला रायडर ४० ने शिरतो आणि ३८ ने बाहेर पडतो. ऐंशीवा ब्रेक दाबत २० पर्यंत येतो आणि बाहेर पडताना पुढचे पन्नासने निघून गेलेले असतात. त्याला उभं राहून स्प्रिंट मारावा लागतो. १४० किलोमीटरमध्ये अशी तीस वळणं, हंप आणि वेशी धरल्या, तर शेपटीच्या माणसाने तीस स्प्रिंट मारले, जे विसाव्या जागेवरच्याने मारलेच नाहीत. आपल्याकडच्या गावांत शिरताना लागणारे हंप आणि रम्बलर पाहता हा आकडा फुगवलेला नाही. राहण्याची चांगली जागा १५ ते ३०. पहिल्या दहात वारा खावा लागतो आणि चाळीसच्या मागे वळणांची किंमत चुकवावी लागते. ही जागा एकदा मिळवून टिकत नाही. दोन्ही कडांनी माणसं सतत वर येत असतात, त्यामुळे जागेवर नुसतं बसलेला रायडर पाच मिनिटांत वीस जागा मागे जातो. दर दोन-तीन मिनिटांनी दोन-चार जागा वर सरकलात, तरच आहात तिथे राहता.

सुरुवाती दोन असतात. गावातून निघताना संचालकांच्या गाडीमागे संथ चालणं असतं, तिथे शर्यत सुरू झालेली नसते. शून्य किलोमीटरला गाडीतून झेंडा हलला की खरी शर्यत. त्या संथ पट्ट्यात डिस्क घासतेय का, सीटपोस्ट घट्ट आहे का, गिअर उड्या मारतोय का ते पाहून घ्या. तिथे पंक्चर झालं तर सहसा निस्तरता येतं.

झेंडा हलला की ब्रेकअवे, म्हणजे घोळक्यातून निसटून पुढे जाणारा गट, जातो. पहिल्या सपाट दिवशी तो बहुधा लहान असतो, दोन ते पाच जणांचा, आणि जातो तो जिंकण्यासाठी क्वचितच. संघाचं नाव कॅमेऱ्यात दिसावं आणि वाटेतल्या एखाद्या टेकडीच्या माथ्यावर आधी पोचणाऱ्याला मिळणारे डोंगराचे गुण मिळावेत, ही कारणं. सगळे शून्यावर असल्यामुळे एखाद-दोन गुणांतही या गुणांत आघाडीवर असणाऱ्याची ठिपक्यांची जर्सी मिळून जाते. २०२५ च्या टूरचा पहिला टप्पा लील ते लील, १८४.९ किलोमीटर. त्यात मों कासेलच्या दगडी फरसबंदीवर ब्रेकअवेतले बेंजामिन थॉमस आणि मातेओ व्हेर्शे गुणांसाठी भिडले, थॉमसची सायकल घसरली आणि दोघेही आपटले. तरी संध्याकाळी ठिपक्यांची जर्सी थॉमसच्याच अंगावर होती. तुमच्या संघात चढावर बरा असा एक मुलगा असेल आणि मार्गावर एक जरी गुणांची टेकडी असेल, तर त्याला या ब्रेकअवेत पाठवणं शहाणपणाचं आहे. मग बाकीच्या पाच जणांना दिवसभर पुढे वारा खात घोळका ओढायला कुणी सांगू शकत नाही, कारण त्यांचा माणूस पुढे आहे.

ब्रेकअवेला पकडण्याचं गणित मात्र मागच्यांच्या हातात असतं. ब्रेकअवे ताशी ४४ ने चाललाय आणि घोळका ४८ ने. १० किलोमीटरला पुढच्यांना १३ मिनिटं ३८ सेकंद लागतात, मागच्यांना १२ मिनिटं ३० सेकंद. फरक ६८ सेकंदांचा. पूर्वीचे रायडर आणि नंतर समालोचक झालेले फ्रान्सचे रोबेर शापात यांच्या नावाने जो आडाखा चालतो, दहा किलोमीटरला एक मिनिट, तो इथून येतो. ३० किलोमीटर उरले असताना तीन मिनिटं पुढे असलेला ब्रेकअवे शेवटाच्या तोंडावर सापडतो. म्हणून स्प्रिंटरचे संघ प्रत्येकी एक माणूस पुढे देतात आणि अंतर दोन-तीन मिनिटांवर लोंबकळत ठेवतात. लवकर का पकडत नाहीत? ६० किलोमीटर शिल्लक असताना पकडलं, तर लगेच नवे हल्ले सुरू होतात, त्यात ताजे आणि जास्त ताकदवान रायडर असतात, आणि काबूत ठेवण्याचं सगळं काम पुन्हा पहिल्यापासून. टीव्हीवर काही घडत नाही असं वाटतं तो काळ हाच. सहा जणांच्या नवख्या संघाने या पाठलागाला माणूस देऊ नये. ज्यांचा स्प्रिंटर जिंकण्याची शक्यता जास्त, त्यांनी ओढावं.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट वारा. आपल्या भागातली मुलं या बाबतीत नशीबवान आहेत, सराव दारातच आहे.

समोरून वारा असेल तर आडोसा पुढच्याच्या थेट मागे मिळतो. वारा बाजूने आला की तो मागे आणि तिरका सरकतो. पहिला रायडर वाऱ्याच्या बाजूच्या कडेला जातो आणि बाकीचे त्याच्या आडोशाला तिरक्या रांगेत पसरतात. हाच एशलॉन. पण रस्ता संपतो. एका माणसाला आडवी ७०-८० सेंटिमीटर जागा धरली, तर सात मीटरच्या दुपदरी रस्त्यावर नऊ जण मावतात, साडेपाच मीटरच्या रस्त्यावर सात. दहाव्याला आडोसा नाही. तो आणि त्याच्या मागचे सगळे कडेच्या पांढऱ्या पट्टीवर एकेरी रांगेत लटकतात, प्रत्येक जण पूर्ण वारा खातो. त्यातल्या एकाचा धीर सुटला की तिथून घोळका तुटतो, आणि तुटल्यानंतर पुढचे आळीपाळीने ओढत असतात तर मागच्यांत कुणी ओढायचं यावर वाद चालू असतो.

लीलच्या त्याच टप्प्यात शेवटाला साधारण १७ किलोमीटर असताना व्हिस्मा–लीज अ बाइक संघाने आडव्या वाऱ्यात वेग वाढवला आणि घोळका फुटला. पुढच्या चाळीसेक जणांत विजेतेपदाचे दावेदार व्हिंगेगार्ड आणि पोगाचार होते. दुसरे दोन दावेदार एव्हनपूल आणि रोग्लिच मागे अडकले, ३९ सेकंद गेले. टप्पा यास्पर फिलिप्सनने जिंकला आणि पिवळी जर्सी घेतली. एव्हनपूलच्या पायांत त्या दिवशी काही कमी होतं असं मानायला जागा नाही. तो घोळक्यात मागे होता, एवढंच.

हा क्षण आधी ओळखता येतो. नुसत्या वाऱ्याने फूट पडत नाही. वारा, आडोसा संपणं आणि वळण या तीन गोष्टी एकत्र आल्या की पडते. आपल्या रस्त्यांवर हे डोळ्यांनी दिसतं. पावसाळ्यात चिकोडीहून अंकलीकडे, कृष्णेच्या बाजूला निघालात की दोन्ही कडांना अडसाली ऊस डोक्याच्या वर उभा असतो, आत वारा जाणवतही नाही. मधेच सोयाबीनचं रान लागतं किंवा पूल येतो आणि पश्चिमेचा वारा एकदम अंगावर येतो. शर्यतीचा मार्ग पाहताना हेच शोधायचं: ऊस, झाडी किंवा गाव संपून उघडं माळरान कुठे लागतं, आणि रस्ता पूर्व-पश्चिम असताना कुठे वळून उत्तर-दक्षिण होतो. मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडा, आदल्या रात्री वाऱ्याची दिशा पाहा आणि मार्गावर अशा जागा खुणा करून ठेवा. बहुधा तीन-चारच निघतात. त्या प्रत्येक जागेच्या तीन किलोमीटर आधी सहाही जण पहिल्या तिसात हवेत.

एशलॉनमध्ये फिरण्याची पद्धत अशी. ओढून झालं की वाऱ्याच्या दिशेला बाजूला व्हायचं, कधीही उलट नाही. वारा उजवीकडून असेल तर उजवीकडे. पेडल थांबवायचं नाही, फक्त जोर थोडा कमी करायचा. मागे सरकणारी रांग वाऱ्याच्या बाजूला राहते आणि पुढे येणाऱ्या रांगेला आडोसा देते. शेवटच्या माणसाच्या बरोबरीला आलात की लगेच त्याच्या मागे शिरा, तिथे दोन सेकंद चुकलात तर फट पडते. ओढणं पंधरा-वीस सेकंदांचंच, आणि पुढे आल्यावर वेग वाढवायचा नाही. उत्साही मुलं इथेच घोटाळा करतात: पुढे आल्याबरोबर दोन किलोमीटर वेग वाढवतात आणि नुकताच ओढून मागे गेलेला साथीदार सुटतो. तिरक्या रांगेत तुमचं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला शेजारून ओव्हरलॅप करत असतं. चाक चाकाला लागलं तर पडतो तो मागचा, म्हणून हात हँडलच्या ड्रॉप्सवर (खालच्या वळलेल्या भागावर) आणि नजर पुढच्याच्या खांद्यावर ठेवा, चाकावर नाही.

आणि पहिल्या रांगेत जागा नाही मिळाली तर? पांढऱ्या पट्टीवर लटकू नका. तुम्ही अकरावे आहात आणि रस्ता नऊ जणांचा आहे हे दिसलं, की तिथेच वाऱ्याच्या बाजूला सरकून दुसरा एशलॉन सुरू करा आणि साथीदारांना हाक मारा. दुसरा एशलॉन नीट फिरला तर अंतर दहा-पंधरा सेकंदांवर राहतं आणि रस्ता वळला की मिटतं. पट्टीवर लटकणाऱ्याचा शेवट ठरलेला असतो.

सहा जणांत कामं आदल्या रात्रीच वाटून घ्या. एक स्प्रिंटर, एक त्याचा लीडआउट (शेवटी त्याला आडोसा देत ओढून नेणारा), एक जण एकूण वेळेसाठी राखलेला, एक रस्त्यावरचा कॅप्टन, बाकी दोघं कामाला. कॅप्टन सर्वांत ताकदवान असावा असं नाही, सर्वांत शांत असावा. मार्गाची चिठ्ठी प्रत्येकाच्या स्टेमवर (हँडलला धरणाऱ्या दांडीवर) हवी: दोन सेंटिमीटर रुंद आणि दहा लांब कागदी टेप, त्यावर पक्क्या शाईच्या पेनने किलोमीटर आणि एकेक खूण, जसं ‘८२ उजवे, वारा डा.’, ‘११७ पूल अरुंद’, ‘१३८ डावे’, वरून पारदर्शक चिकटपट्टी. दहापेक्षा जास्त नोंदी नकोत, ४५ च्या वेगात वाचता येत नाहीत.

खाणंपिणं. साडेतीन तासांची शर्यत असेल तर ताशी ७०-८० ग्रॅम कर्बोदकं, पण एवढं पचवायची सवय सरावात आधी केलेली हवी. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ४० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, थोडं लिंबू, ही एक बाटली. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम मिळतात. राजगिऱ्याची वडी आणि खजूर खिशात चांगले टिकतात. शेंगदाण्याची चिक्की आणि आपला कुंदा शर्यतीनंतर, चालू शर्यतीत स्निग्धांश पोटात बसून राहतो. पहिल्या दिवशी ताण इतका असतो की मुलं खायचंच विसरतात आणि ११० व्या किलोमीटरला पाय रिकामे होतात. घड्याळात दर वीस मिनिटांचा गजर लावा. बाटल्या आणायला कामाच्या दोघांपैकी एकच जण मागे गाडीकडे जाईल, तेही ब्रेकअवे गेल्यावर, रस्ता रुंद आणि वारा समोरून किंवा मागून असताना. शेवटच्या ४० किलोमीटरमध्ये कुणीही मागे जायचं नाही. गाड्यांच्या क्रमाबद्दल एवढं माहीत हवं की दुसऱ्या दिवसापासून तो संघाच्या सर्वोत्तम रायडरच्या एकूण क्रमांकावरून लागतो. पहिल्या दिवशी सहाही जण मागे पडले, तर दुसऱ्या दिवशी तुमची गाडी शेवटी आणि पंक्चरला चाक मिळायला दोन मिनिटं.

सायकलीचं फार लांबवत नाही. ६५ किलोच्या रायडरला २८ मिलिमीटर ट्यूबलेस टायरमध्ये पुढे ६२, मागे ६६ पीएसआयच्या आसपास, ओल्या रस्त्यावर चार-पाच कमी. रिम हुकलेस (टायर अडकवायला कडेला आकडा नसलेली) असेल तर ७२ च्या वर कधीच नाही. मोठ्या चेनरिंगच्या (पेडलजवळच्या दातेरी चकतीच्या) मागे पैसे घालवू नका. ५०-११ वर, म्हणजे पुढे ५० आणि मागे ११ दात असताना, मिनिटाला ११० फेऱ्यांनी ६४ चा वेग निघतो, १२० ला जवळजवळ ७०. तुमच्या पातळीच्या स्प्रिंटला तेवढं पुरतं. पुढचा गिअर बदलताना चेन उतरण्याचा धोका असतो, म्हणून शेवटचे २० किलोमीटर मोठ्या चेनरिंगवरच राहा.

आता शेवट. ३० किलोमीटर उरले असताना शेवटचं खाणं, २० ला शेवटचे मोठे घोट. १० पासून सहा जण एका रांगेत, घोळक्याच्या मध्यभागी नाही, एका कडेला. कडेला एका बाजूने तरी कुणी तुम्हाला कोंडत नाही. कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॉल्या अडतात तसा घोळका शेवटच्या वळणांवर अडतो, आणि मागच्याला कितीही जोर असला तरी वाट नसते.

नियमांची माहिती आदल्या संध्याकाळच्या बैठकीत नीट विचारून घ्या. शेवटच्या ३ किलोमीटरमध्ये पडलात, पंक्चर झालं किंवा सायकल बिघडली, तर त्या क्षणी ज्या गटात होतात त्याची वेळ मिळते. काही टप्प्यांना हे अंतर ५ किलोमीटरपर्यंत वाढवलेलं असतं. मात्र शेवटची रेषा ओलांडावीच लागते. ही सीमा किती कठोर आहे ते २०१८ च्या टूरच्या पहिल्या टप्प्यात दिसलं. साडेतीन किलोमीटर उरले असताना विजेतेपदाचा दावेदार नाइरो किंताना चाकं फुटून थांबला, सीमेच्या अर्धा किलोमीटर अलीकडे, आणि त्याचा सव्वा मिनिट गेला. त्याच दिवशी क्रिस फ्रूम सीमेच्या आधीच पडला, ५१ सेकंद गेले. म्हणजे सर्वांत धोक्याची जागा शेवटचे ३ किलोमीटर नसून त्याच्या आधीचे पाच-सात आहेत, आणि एकूण वेळेसाठी राखलेल्या मुलाला तिथेच पुढे ठेवायचं. सीमा ओलांडली की त्याने स्प्रिंटच्या धक्काबुक्कीतून बाजूला व्हावं, पण पुढच्यापासून फट पडू देऊ नये. घोळका सलग असेल तर सगळ्यांना एकच वेळ. सपाट टप्प्यावर तीन सेकंदांपर्यंतची फट सोडण्याची सवलत लागू आहे का, हेही बैठकीत विचारा.

स्प्रिंटरसाठी पाच जणांची रेल्वे (एकामागे एक ओढत त्याला शेवटापर्यंत नेणारी रांग) करायचं स्वप्न पहिल्या स्पर्धेत बाजूला ठेवा. एक लीडआउट पुरतो. एक किलोमीटरच्या कमानीखाली वेग ६० असेल तर रेषेपर्यंत बरोबर एक मिनिट उरतं. त्या वेळी तुम्ही दोघं आठव्या-दहाव्या जागी, कुण्या मोठ्या संघाच्या रेल्वेमागे. लीडआउटने ४५० मीटरवर वाऱ्यात यावं आणि २०० पर्यंत ओढावं, ते साधारण १५ सेकंद होतात. स्प्रिंटरचे शेवटचे २०० मीटर ६५ च्या वेगाने ११ सेकंद. वारा समोरून असेल तर १५० मीटरला सुटा, मागून असेल तर २५० ला. आडवा असेल तर आडोशाच्या बाजूच्या कठड्याला चिकटून जा, म्हणजे वारा डावीकडून असताना उजव्या कठड्याला. मागच्याला लपायला जागाच उरत नाही. ओढून झाल्यावर लीडआउटने आपली रेघ सोडू नये. सरळ रेषेत हळूहळू वेग कमी करावा, मान वळवू नये, घोळक्यात हात वर करू नये. रेघ सोडून दुसऱ्याच्या वाटेत आलात तर पंच त्या गटाच्या शेवटी टाकतात. मोठ्या स्पर्धांत पिवळं कार्डही मिळतं, आणि एकाच स्पर्धेत दोन झाली की घरी.

पाऊस. २०२० च्या टूरचा पहिला टप्पा नीसमध्ये होता. बऱ्याच कोरड्या दिवसांनी पाऊस पडला, रस्त्यावर तेलाचा थर सुटला आणि माणसं इतकी पडली की उतारावर शर्यत न करण्याचं रायडरनीच आपसात ठरवलं. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या सरीत हायवेवर नेमकं हेच होतं. पहिला अर्धा तास सर्वांत वाईट, नंतर रस्ता धुऊन निघतो. पांढऱ्या पट्ट्या, पुलांचे लोखंडी जोड आणि हंपवरचा रंग यांच्यावर सायकल सरळ ठेवून जा, कललेली नको. हंगामात उसाची चिपाडं आणि ट्रॉल्यांची माती ओली झाली की तिथेही तेच.

सरावासाठी जून ते सप्टेंबर सोडू नका. निपाणी ते चिकोडी जाताना वारा पाठीवर असतो, येताना तोंडावर. जाताना ५०-११ वर वेगाची सवय करा, येताना रांगेत ओढायची. एशलॉनचा सराव चिकोडी-अंकली रस्त्यावर, पण फक्त परतताना. दक्षिणेकडे येताना वारा उजवीकडून येतो, आडोसा डावीकडे मिळतो, आणि माणसं आपल्याच कडेला पसरतात. उत्तरेकडे जाताना आडोसा उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला पडतो. चालू रहदारीत तो सराव करायचाच नाही. परततानाही तिघांपेक्षा जास्त आडवे नकोत, आणि मागे लाल दिवा लावलेली एक मोटरसायकल हवी. तिघा-तिघांचे दोन एशलॉन करा, मागच्याने पुढच्याशी दहा सेकंदांचं अंतर ठेवून फिरायचं. वर सांगितलेला दुसरा एशलॉन असाच अंगवळणी पडतो.

घोळक्यात खांद्याला खांदा लागायची भीती रस्त्यावर जात नाही. ती मैदानावर काढा: गवताचं मैदान, चार प्लास्टिकचे कोन ठेवून २० बाय १० मीटरचा चौकोन, सहाही जण आत, संथ फिरायचं, कोपर-खांदे मुद्दाम लावायचे, पाय टेकला तो बाद. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं. स्पर्धेआधी सहा आठवडे मिळाले तर पहिल्या दिवशी शेजारच्याचं कोपर लागल्यावर ब्रेककडे जाणारी बोटं जागेवर राहतात.